लुतरी कुत्री आणि गल्लीची खरूज

एकोणिसाव्या वर्षी मला खरूज झाली होती. हे लिहायला आज मला काही वाटत नाही. तेव्हा बोलायलाही काही वाटलं नाही, आणि खरं तर त्यावरूनच पुढचं सगळं घडलं.

संस्थान विलीन होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. आम्ही राजारामपुरीत राहत होतो. तेव्हाची राजारामपुरी म्हणजे सरळ आखलेल्या गल्ल्या, आणि दर दोन-तीन घरांनंतर एक मोकळा प्लॉट, त्यात गवत नि बाभळी. वडील हायस्कुलात गणित शिकवायचे. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. आई गगनबावड्याकडच्या शेतकरी घरातली. इतकी वर्षं शहरात राहूनही तिची बोली तिकडचीच राहिली होती, आणि ती बदलावी असं तिला कधी वाटलं नाही. मी कॉलेजात सायन्सला होते. धाकटा भाऊ अजून प्राथमिक शाळेत. एवढंच घर.

त्या वर्षी संक्रांत झाल्यावर आमच्या शेजारच्या मोकळ्या प्लॉटात एक कुत्री येऊन पडली. तिच्या पाठीवर केस म्हणून राहिला नव्हता. कातडी राखाडी, जाड, सुरकुतलेली. कानांच्या कडांना नि कोपरांना खपल्या. मागच्या पायानं ती सारखी खाजवायची आणि खाजवून खाजवून दमली की तशीच कलंडायची. येणारं-जाणारं पोर तिला ढेकूळ मारून जायचं. मी तिला भाकरी घातली. आम्ही तिला नाव काही ठेवलं नाही. नावं मात्र गल्लीनं भरपूर ठेवली, तिलाही आणि मलाही.

"लूत लागलीया तिला," आई दारातून म्हणाली. "हात लावू नगंस."

पण दुसऱ्या दिवशी तिनंच वाटीत करंजाचं तेल आणून माझ्यापुढं ठेवलं. "आमच्यात बैलाला चट्टं पडलं की ह्येच लावत्यात. लाव जा. आन् आल्यावर साबणानं हात धू, कोपरापातूर."

नुसत्या तेलानं भागलं नाही. तेव्हा मी तिच्या गळ्यात सुंभ बांधला आणि तिला गुरांच्या दवाखान्यात न्यायला निघाले. टांगेवाल्यानं कुत्रीकडं पाहिलं आणि घोड्याला पुढं हाकलत म्हणाला, "न्हाय जमायचं, ताई. उद्या कोण बसंल व्हय ह्यात?" मग चालत गेले. कॉलेजात जाणारी मुलगी, पातळ नेसलेली, आणि हातात सुंभाला बांधलेली लुतरी कुत्री. रस्त्यावरच्या माणसांना ते पाहून काय काय बोलावंसं वाटलं, ते मी ऐकलं. मान खाली घालायची शिकवण होती, पण त्या दिवशी मान खाली घातली तर कुत्री टांग्याखाली गेली असती.

दवाखान्यात बैल आणि म्हशींची रांग होती. आमची पाळी आली तेव्हा डॉक्टरांनी आधी माझ्याकडं पाहिलं आणि मग कुत्रीकडं. पात्यानं तिच्या कानाची कड हलकेच खरवडली, ते काचेच्या पट्टीवर घेतलं, तेलाचा थेंब टाकला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. "सायन्सला आहेस ना? बघ तर मग."

मी डोळा लावला. खपल्यांच्या पसाऱ्यात एक गोल, पारदर्शक जीव हळूहळू हलत होता. पाय इतके आखूड की नंतर कुणीतरी चिकटवल्यासारखे. अख्ख्या कुत्रीला लोळवणारा शत्रू तो हा, आणि तो डोळ्यांना दिसतसुद्धा नव्हता. मला किळस आली नाही. उलट बरं वाटलं. हे पाप नव्हतं, शाप नव्हता, कुणाची नजर नव्हती. हा एक किडा होता आणि तो मरू शकत होता.

"माणसाला होतं का हे?" मी विचारलं.

"कुत्र्याचा किडा माणसाच्या अंगावर चढतो, चावतो, पुरळ उठतं. पण तिथं त्याचा संसार होत नाही. कुत्री बरी झाली की तेही जातं. माणसाच्या खरजेचा किडा ह्याचाच भाऊबंद, पण वेगळा. तो माणसाकडूनच माणसाकडं जातो."

गंधक बारीक करून करंजाच्या तेलात खलायचं, एका वेळी थोड्याच अंगाला लावायचं, चाटू द्यायचं नाही, आणि आठवडे लागले तरी सोडायचं नाही, असं त्यांनी बजावलं. मी ते तसंच केलं. माझ्या हातांवर आणि पोटावर, जिथं मी तिला धरत होते तिथं, लाल पुरळ उठलं. डॉक्टरांनी सांगितलेलंच होतं, म्हणून मी घाबरले नाही.

घाबरली ती गल्ली. शिवरात्रीच्या सुमाराला बोभाटा झाला की गल्लीत खरूज पसरली आहे. खरं म्हणजे कुणी "मला झाली" असं म्हणतच नव्हतं. प्रत्येक घरात दार लावून खाजवणं चाललं होतं, आणि दाराबाहेर बोलणं एकच, ते कुत्रीबद्दल. आमच्या समोर एक निवृत्त मामलेदार राहत. गल्लीतला कुठलाही निकाल तेच देत. एका संध्याकाळी ते चार-पाच गृहस्थांना घेऊन आमच्या दारात आले.

"मास्तर," ते आबांना म्हणाले, "तुमच्या कन्येच्या लाडापायी सगळी गल्ली खाजवते आहे. ते जनावर उद्या इथं दिसता कामा नये."

आबा स्वभावानं मवाळ. ते "बसा तरी" म्हणाले. कुणी बसलं नाही. मी आतून ऐकत होते. मग राहवलं नाही आणि बाहेर आले.

"काका, कुत्री गल्लीत कधी आली?"

"तू मध्ये बोलू नकोस."

"संक्रांतीनंतर आली. तुमचे नातू दिवाळीत फटाके उडवताना एका हातानं खाजवत होते. मी बघितलंय. कुत्री यायच्या आधी तिची खरूज कशी आली तुमच्याकडं?"

मागं उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी नेमकं तेव्हाच मनगट खाजवलं आणि पटकन हात पाठीमागं घेतला.

मामलेदारांचा आवाज चढला. "मास्तर, मुलीला जीभ फार झाली आहे. मी म्युनिसिपालटीची माणसं बोलावतो."

ते बोलल्याला जागले. दोन दिवसांनी सकाळी हातगाडी घेऊन दोघं जण आले, एकाच्या हातात लांब चिमटा. भटक्या कुत्र्यांना मारून नेणारी ती माणसं. मला आदल्या दिवशीच कुणकुण लागली होती. भावाच्या जुन्या दप्तराचा चामड्याचा पट्टा कापून मी कुत्रीच्या गळ्यात बांधला होता, आणि सकाळपासून तिला घेऊन आमच्या पायरीवर बसले होते. तिच्या अंगाला गंधकाचा वास येत होता. समोरच्या व्हरांड्यात मामलेदार आरामखुर्चीवर बसून बघत होते.

"ताई, बाजूला व्हा," चिमटेवाला म्हणाला.

"नाही होणार. ही माझी आहे."

"तुमची?"

"पट्टा दिसत नाही का?"

त्यानं वाकून पट्टा पाहिला आणि सरळ उभा राहत समोरच्या व्हरांड्याकडं ओरडला, "ओ सायेब, पाळीव हाय की ही! पट्टा हाय गळ्यात. पाळीवाला आमी हात लावत न्हाय." मग मला हळूच म्हणाला, "जरा आवरून ठेवा हिला. अवतार लई वंगाळ झालाय."

गाडी निघून गेली.

पण त्याच आठवड्यात मला वेगळी खाज सुटली. बोटांच्या बेचक्यांत, मनगटाशी, कमरेला. दिवसा सोसायची, अंथरुणाला पाठ लागली की जीव नकोसा करायची. भावाचंही तसंच. तो मामलेदारांच्या नातवांबरोबर खेळून, त्यांच्याच गोधडीत दुपारचा झोपून येत असे. आईही चुलीपुढं बसून बोटं चोळताना दिसली. आता मात्र आबांच्या चेहऱ्यावर शंका आली. "त्या कुत्रीचंच नसेल ना गं?"

"आबा, विचारून येऊ."

आम्ही सगळेच एका डॉक्टरीणबाईंकडं गेलो. त्यांनी माझे हात खिडकीशी नेऊन भिंगातून पाहिले. "हे पोटावरचं आणि हातांवरचं पुरळ सुकत आलंय. ते कुत्रीचं. आणि हे बघ, बोटांच्या मधे या बारीक रेषा. किडा आत बीळ करतो, त्याची वाट. ही माणसांची खरूज. ही तुला कुठल्या तरी माणसानंच दिली." त्यांनी दुधासारखं पांढरं औषध दिलं. अंघोळ करून, अंग कोरडं करून, मानेपासून तळपायापर्यंत सगळीकडं लावायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. कपडे आणि अंथरूण उकळायचं किंवा कडक उन्हात घालायचं. "आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी. ज्याला खाजत नाही त्यानंसुद्धा. शेजाऱ्यांनाही असेल तर त्यांनीही. नाहीतर तुम्ही बरे व्हाल आणि ती परत घरी येईल."

आबा म्हणाले, "परसात गुपचूप उरकून घेऊ. दारं लावून."

आईनं त्यांच्याकडं नुसतं पाहिलं. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर तिनं परसातला तांब्याचा मोठा हंडा ओढत पुढच्या अंगणात आणला, तीन दगडांवर ठेवला आणि ऐन रस्त्यासमोर जाळ केला. आमचे कपडे, चादरी, उशांचे अभ्रे त्यात रटरटायला लागले. गोधड्या तिनं कुंपणावर पसरल्या. शेजारीण जाता जाता थबकली. "काय हो, आज काय काढलंय?"

"खरूज झालीया आमच्यात," आई काठीनं कपडे ढवळत म्हणाली. आवाज तिनं मुद्दामच मोठा ठेवला होता. "आमच्या बावड्यात पावसाळ्यात गोधड्या म्हैना म्हैना वाळत न्हाईत. घरोघर हुतीया. त्यात लाजायचं काय? तुमच्यात न्हाय व्हय?"

शेजारीण झपाझप निघून गेली. त्या दिवशी मला माझ्या आईचा जेवढा अभिमान वाटला तेवढा पुढं कुणाचाच वाटला नाही.

याच गडबडीत मामा एक स्थळ घेऊन आला. मुलगा इचलकरंजीचा, सरकारी कचेरीत. मंडळी रविवारी येणार हे आधीच ठरलं होतं. औषध लावून झालं होतं, पण खाज अजून पुरती जिरली नव्हती आणि बोटांवरच्या खुणा लाल होत्या. पुढं ढकलू या, असं आबांनी सुचवलं. मामा ऐकेना. "हात पदराखाली ठेवायचे. चहा भाऊ नेईल. पंधरा मिनिटांचा तर प्रश्न आहे."

मंडळी आली. मुलगा, त्याचे वडील, काका आणि आई. मी जाऊन बसले, हात पदराखाली. इथवर मी मामाचं ऐकलं. काकांनी शिक्षण विचारलं, शिवण विचारलं, आणि मग खिशातून कागद आणि पेन काढलं. "जरा अक्षर दाखव. नाव लिही."

अक्षर लिहायचं तर हात बाहेर काढावा लागणार. मामा खाकरला. मी हात काढला, कागदावर ठेवला आणि लिहिलं. खोलीतला प्रत्येक जण माझं अक्षर सोडून माझी बोटं पाहत होता.

"हाताला काय झालंय?" काकांनी विचारलं.

"उष्णता," मामा घाईनं म्हणाला. "परीक्षेची जागरणं..."

"उष्णता नाही," मी म्हटलं. "खरूज आहे. औषध झालंय, बरी होते आहे. घरात सगळ्यांनाच झाली होती."

मामानं डोळे मिटले. मुलानं चहाचा कप ओठांपर्यंत नेला होता, तो तसाच खाली ठेवला. मला तेव्हा त्याचं हसू आलं. कपातून खरूज होत नाही, एवढं त्याच्या कचेरीत कुणीतरी त्याला सांगायला हवं होतं.

मुलाची आई मात्र "पाणी मिळेल का" म्हणून उठली आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. पाणी द्यायला मीही मागोमाग गेले. तिनं पाणी घेतलं नाही. दाराकडं एकदा पाहिलं, हातातल्या बांगड्या वर सारल्या आणि मनगट माझ्या आईपुढं धरलं. बांगड्यांखाली सगळं लालेलाल, खाजवून फोडलेलं.

"कसलं औषध लावलंत?" ती कुजबुजली. "दिवाळीत नृसिंहवाडीला गेलो होतो, तिथून आल्यापासून आहे. घरात कुणाला सांगता येत नाही."

आईनं फडताळातली उरलेल्या औषधाची बाटली तिच्या हातात दिली. "ह्ये घ्या. पर घरातल्या सगळ्यास्नी लावा, एकाच दिशी."

"सगळ्यांना? यांना कसं सांगू?"

"त्यास्नी बी खाजत असंल की. कवातरी त्यांच्या बनियनवरचं रगताचं डाग बघा."

ती बाई हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. बाटली तिनं पदराच्या आत कमरेला खोचली आणि बाहेर जाऊन गंभीर चेहऱ्यानं बसली.

चार दिवसांनी निरोप आला. मुलीला कातडीचा रोग आहे, सबब नकार. मामानं थयथयाट केला. "तोंड बंद ठेवलं असतं तर उजवली असतीस!" मला त्याचा राग आला नाही, त्या निरोपाचा आला. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता इचलकरंजीला जाते आणि त्या बाईंच्या बांगड्या सगळ्यांपुढं वर करते.

आईनं मला हाताला धरून बसवलं. "तिनं इस्वासानं हात दावला. त्यो बाजारात न्हाय न्यायचा." मग मामाकडं वळली. "आन् तू. तुझं स्थळ गेलं, माझी पोर कुठं गेली न्हाय. खोटं बोलून लेक द्यायची न्हाय मला."

आबांनी तोवर पेपर तोंडापुढं धरला होता. तो त्यांनी खाली ठेवला आणि एवढंच म्हणाले, "बरोबर आहे तिचं." मामा जेवायला थांबला नाही.

आमच्या घरातली खाज गेली, हे गल्लीनं पाहिलं. भाऊ खाजवत नव्हता, मी खाजवत नव्हते. मग हळूहळू बायका आमच्याकडं यायला लागल्या. दुपारी, पुरुष कामावर असताना, बोळातून, मागच्या दारानं. पहिली आली ती "मीठ आहे का" म्हणत. आईनं तिला खालून वर पाहिलं.

"मीठ न्हाय, औषध पायजे तुला. पर मागल्या दारानं मिळायचं न्हाय. फुडनं ये."

"अहो, कुणी बघितलं तर?"

"बघू दे की. म्हंजे त्याबी येतील. तू एकटी लावून काय उपेग? शेजारची खाजवत बसली तर तुझ्यात फिरून यायचंच."

ती बाई रागानं गेली. दुसऱ्या दिवशी पुढच्या दारानं आली. तिच्यामागं आणखी दोघी आल्या. मी त्यांना डॉक्टरीणबाईंचा पत्ता सांगितला, कसं लावायचं ते दाखवलं, आणि दिवस ठरवा म्हटलं, एकच दिवस, सगळ्या गल्लीचा. आणि एके दुपारी समोरचं फाटक उघडून खुद्द मामलेदारांची बायको रस्ता ओलांडून आली. भर उन्हात, डोक्यावर पदर घेऊन, सगळ्यांच्या देखत. आमच्या पायरीशी कुत्री बसली होती. ती तिला वळसा घालून आली नाही. "सर गं" म्हणाली आणि आत आली.

"आमच्या घरी सगळ्यांना आहे," ती आईला म्हणाली. "त्यांना सगळ्यांत जास्त आहे. रविवार धरा."

तो रविवार मला अजून डोळ्यांपुढं दिसतो. गल्लीत दारोदारी जाळ पेटले होते. हंडे, घंगाळी, पत्र्याचे डबे, ज्याच्याकडं जे होतं त्यात कपडे उकळत होते. कुंपणांवर, बाभळींवर गोधड्या. बायका एकमेकींना काठीनं कपडे उपसायला मदत करत होत्या आणि मोठमोठ्यानं हसत होत्या. इतके महिने जे दार लावून सोसलं ते एकदाचं उघड्यावर आलं म्हणून असेल. समोरच्या अंगणात मामलेदार पंचा नेसून, अंगभर पांढरं औषध माखून, हात अंगापासून लांब धरून उन्हात उभे होते. औषध झोंबत होतं, त्यामुळं ते मधूनच एक पाय उचलत. माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही. मी मात्र त्यांना पोटभर पाहून घेतलं.

पावसाळ्यापर्यंत कुत्रीच्या पाठीवर केस आले. तांबूस निघाली ती, कुणाला वाटलंही नव्हतं. तोवर तिच्या गंधकाचा वास माझ्या पुस्तकांनाही लागला होता. पुढं कितीतरी वर्षं ती आमच्याच दारात राहिली, आणि गल्लीतली पोरं तिच्या अंगावर डोकं टेकून बसू लागली.

मामलेदारांनी चूक कबूल केली असं कुणी समजू नये. त्यांच्याकडं पाहुणे आले की व्हरांड्यात बसून ते सांगायचे, एकदा एका लुतऱ्या कुत्रीमुळं या गल्लीत खरूज पसरली होती, मी पुढाकार घेऊन ती हटवली. आई म्हणायची, म्हणू दे गं, म्हातारा माणूस. मी म्हणू दिलं नाही. त्यांचा आवाज कानावर आला की मी हातातलं काम टाकून रस्ता ओलांडायचे, व्हरांड्याच्या कठड्याला टेकून उभी राहायचे आणि पाहुण्यांना खरी हकिकत पहिल्यापासून सांगायचे. कुठलाही भाग गाळायचा नाही, खाजेचाही नाही. पाहुणे अवघडून बसायचे. त्यांचा चहा निवून जायचा. निवू दे.